तसबिरीखालची सही : राजा रविवर्मा आणि मळवलीचा छापखाना

२ ऑक्टोबर म्हटलं की गांधीजी आणि शास्त्रीजी आठवतात. शाळेत प्रभातफेरी निघते, ग्रामसभेची नोटीस लागते, फोटोंना हार पडतात. याच तारखेला १९०६ साली केरळातल्या किळीमानूर या गावी एक चित्रकार वारला. त्याच्या फोटोला हार घालायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. पण त्याने काढलेल्या लक्ष्मीला दर दिवाळीला गावोगाव हार पडतो, हळदकुंकू लागतं, समोर वह्या आणि पैसे ठेवून पूजा होते.

त्या चित्रकाराचं नाव राजा रविवर्मा. मावळ तालुक्याशी त्यांचा संबंध फार जवळचा. लोणावळ्याच्या अलीकडे लोकलचं मळवली स्टेशन लागतं. एका बाजूला भाजे लेणी, दुसऱ्या बाजूला कार्ल्याची एकवीरा. या मळवलीतच त्यांचा छापखाना होता. इथे छापलेले देव पार लांबच्या खेड्यापाड्यांत जाऊन देवघरात बसले.

जुन्या वाड्यात, माळवदाच्या घरात अशी एखादी तसबीर अजून सापडते. काच धुराने काळवंडलेली, लाकडी चौकट वाळवीने पोखरलेली. आत कमळावर उभी असलेली चार हातांची लक्ष्मी, बाजूला सोंडेत माळ घेतलेला हत्ती. नाहीतर खडकावर बसून वीणा वाजवणारी सरस्वती आणि जवळ मोर. काच पुसून नीट बघितलं तर कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत रविवर्मा अशी सही दिसते. खाली कडेला छापखान्याचं नाव आणि बऱ्याचदा कार्ला-लोणावळा असा पत्ता असतो.

ही सही त्या कागदावर कशी आली आणि तिच्यासाठी त्या माणसाला काय मोजावं लागलं, याची ही हकिगत.

मामाच्या हाताखाली

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८ चा. किळीमानूर हे तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानातलं गाव. घराणं मोठं, त्रावणकोरच्या राजघराण्याशी सोयरिक असलेलं. आई उमांबा बाई कविता करायच्या. वडील नीळकंठन भट्टतिरीपाद संस्कृतचे विद्वान. घरात गाणं, कथकली, पुराणं यांचा राबता. नावामागे राजा लागत असलं तरी रविवर्मा कुठल्या गादीवर बसलेले राजे नव्हते.

लहानपणी पोरगा कोळशाने भिंतींवर जनावरं आणि माणसं काढायचा, अशी गोष्ट सांगतात. दुसऱ्या घरात पाठीत धपाटा बसला असता. इथे मामा राजराजवर्मा स्वतः चित्रं काढणारे होते. त्यांनी भाच्याचा हात ओळखला आणि शिकवायला घेतलं. त्या भागात बहिणीच्या मुलांची जबाबदारी मामावर असायची, त्यामुळे मामाचा शब्द घरात चालायचा.

चौदा वर्षांचे असताना मामा त्यांना तिरुवनंतपुरमला घेऊन गेले. त्रावणकोरचे महाराज आयिल्यम तिरुनाळ यांना चित्रांची आवड होती. पोराचं काम त्यांना पसंत पडलं आणि दरबारात राहून शिकायची मोकळीक मिळाली.

तेलरंगाचं गुपित

दरबारी चित्रकार रामस्वामी नायडू यांच्याकडे पाण्याच्या रंगांचं काम रविवर्मांना बघायला, शिकायला मिळालं. पण तेव्हा नवल होतं तेलरंगाचं. पाण्याचा रंग भर्रकन वाळतो, चुकलं की चुकलं. तेलरंग सावकाश वाळतो. एक छटा दुसरीत मिसळता येते, गालावरची लाली, रेशमाची चमक, सोन्याचा पिवळेपणा खरा वाटेल असा उतरवता येतो. ही विद्या युरोपातून आलेली. ज्याला येत होती तो ती दुसऱ्याला द्यायला तयार नव्हता. नायडूंनी शिकवायला नकार दिला.

१८६८ मध्ये थिओडोर जेन्सन नावाचा गोरा चित्रकार दरबारात तसबिरी करायला आला. त्यानेही शिकवलं नाही. महाराजांचा शब्द म्हणून फक्त काम करताना बघायची परवानगी दिली. रविवर्मा बघत राहिले. ब्रश कसा धरतो, आधी कुठला रंग लावतो, सावली कुठून सुरू करतो, ते सगळं डोळ्यांनी उचललं. नायडूंचा एक मदतनीस अरुमुगम पिळ्ळै मात्र रात्री गुपचूप येऊन रंग कसे कालवायचे ते दाखवायचा, असंही सांगितलं जातं. बाकी सगळं चुकत-माकत, कॅनव्हास फुकट घालवत.

पुढे जे झालं त्याचं मूळ इथे असावं. एकेका युक्तीसाठी दारोदार उभं राहावं लागलेल्या या माणसाने पुढे आपलीच चित्रं कुणाच्याही घरात जातील अशी सोय केली.

मधल्या काळात, १८६६ मध्ये, मावेलिक्कराच्या घराण्यातल्या भागीरथीबाईंशी त्यांचं लग्न झालं. तिकडच्या रिवाजाप्रमाणे बायको-मुलं माहेरच्या घरी राहायची. रविवर्मा मात्र आयुष्यभर फिरतीवर राहिले. घरी कमी, परमुलखात जास्त.

नाव झालं

१८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला सोन्याचं पदक मिळालं. केसात मोगऱ्याची माळ माळणारी एक नायर बाई, एवढाच विषय. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनातही त्यांच्या कामाला बक्षीस मिळालं. पंचवीस वर्षांचा पोरगा एकदम देशभर माहीत झाला. नंतर कमळाच्या पानावर दुष्यंताला पत्र लिहिणारी शकुंतला त्यांनी काढली. ती मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी विकत घेतली.

१८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची दहा चित्रं गेली आणि दोन पदकं आली. त्याच शिकागोत त्याच वर्षी स्वामी विवेकानंदांची भाषणं गाजली. रविवर्मा स्वतः गेले नाहीत, चित्रंच समुद्रापार गेली.

त्या काळात चित्रकार म्हणजे राजाच्या नाहीतर साहेबाच्या आश्रयाने जगणारा माणूस. मालक बदलला की नशीब बदललं. १८८० मध्ये त्रावणकोरच्या गादीवर विशाखम तिरुनाळ आले आणि त्यांचं रविवर्मांशी जमेना. दरबार तुटला. मग दोघं भाऊ, रविवर्मा आणि धाकटे सी. राजराजवर्मा, सामान बांधून कामाच्या शोधात निघाले. धाकटा भाऊही चांगला चित्रकार. तो चित्रातले डोंगर, झाडं, मागचे देखावे करायचा, हिशेब बघायचा, रोजनिशी लिहायचा. थोरल्याच्या नावामागे धाकटा कायम उभा होता.

बडोदा आणि तंजावरच्या मराठी दिवाणांचा सल्ला

१८८१ मध्ये सयाजीराव गायकवाडांना राज्याचा कारभार मिळाला, तेव्हा रविवर्मा बडोद्याला गेले. या भेटीमागे सर टी. माधवराव होते. माधवराव हे कुंभकोणमचे, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. आधी त्रावणकोरचे दिवाण, मग इंदूरचे, नंतर बडोद्याचे. रविवर्मांना ते पहिल्यापासून ओळखत होते.

पुढे १८८४ मध्ये माधवरावांनी पत्र लिहून त्यांना एक गोष्ट सुचवली. तुमच्या चित्रांना एवढी मागणी आहे की दोन हातांनी ती पुरी होणार नाही. निवडक चित्रं युरोपात पाठवा, तिथे रंगीत छापून घ्या, म्हणजे नाव होईल आणि देशाचंही काम होईल, असा त्या सल्ल्याचा मतलब होता. रविवर्मांच्या डोक्यात ते बसलं. लगेच काही झालं नाही, पण बी पडलं.

१८८८ मध्ये बडोद्याहून मोठं काम आलं. रामायण, महाभारत, पुराणांतल्या प्रसंगांची चौदा चित्रं, मोबदला पन्नास हजार रुपये. त्या काळात पन्नास हजार म्हणजे काय रक्कम असेल, ज्याने त्याने ताडावं.

काम हाती घेतल्यावर पहिला प्रश्न आला कपड्यांचा. सीता, दमयंती, सुभद्रा नेसणार काय? दोघं भाऊ उत्तर हिंदुस्थानात फिरले. देवळं बघितली, माणसं बघितली. प्रत्येक मुलखात वेगळा वेष. सगळ्या देशाला चालेल असं एक नेसणं काही सापडेना. शेवटी त्यांनी बऱ्याच चित्रांत नऊवारी लुगड्याला पसंती दिली. आज बंगालपासून मद्रासपर्यंत कुठेही लक्ष्मी-सरस्वतीचं चित्र बघितलं तर अंगावर साडी, पदर, दागिने आणि माणसासारखा चेहरा दिसतो. देवी अशीच दिसते असं आपण धरून चालतो. हे रूप बऱ्याच अंशी रविवर्मांच्या कुंचल्यातून आलं, आणि त्याला महाराष्ट्राच्या बाईचा पोशाख आहे.

१८९० मध्ये चित्रं तयार झाली. बडोद्याला लागण्याआधी ती मुंबईत लोकांना बघायला ठेवली. बघायला झुंबड उडाली. यातली बरीचशी माणसं राजवाड्यात पाऊल टाकू शकणार नव्हती. चित्रं नंतर बडोद्याला गेली आणि लोकांच्या नजरेआड झाली. माधवरावांनी सांगितलेलं आता पटायला लागलं.

मुंबईचा छापखाना

युरोपात छापून आणण्यापेक्षा इथेच छापखाना काढायचा असं ठरलं. यंत्रं जर्मनीची, कारागीरही जर्मन. गोवर्धनदास मखनजी हे मुंबईचे व्यापारी भागीदार झाले. १८९४ च्या जुलैत पहिलं चित्र छापून बाहेर पडलं, शकुंतलेचा जन्म. विश्वामित्र तोंड फिरवून उभा आणि मेनका बाळ पुढे करते आहे, असा तो प्रसंग.

ही छपाई आजच्या फ्लेक्ससारखी बटण दाबून व्हायची नाही. दगडावरची छपाई होती. खास चुनखडीचा गुळगुळीत दगड परदेशातून यायचा. त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचं. मग दगड ओला करायचा. जिथे तेलकट रेघ आहे तिथे पाणी धरत नाही, तिथेच शाई चिकटते. वरून कागद दाबला की चित्र उतरतं. हे झालं एका रंगाचं. दुसऱ्या रंगाला दुसरा दगड, तिसऱ्याला तिसरा. एका लक्ष्मीसाठी असे कितीतरी दगड लागायचे. प्रत्येक वेळी तोच कागद बरोबर त्याच जागी बसवायचा. केसभर सरकला तर देवीच्या ओठांचा रंग हनुवटीवर जायचा आणि कागद फुकट. सगळे रंग बसल्यावर वरून चकाकी द्यायची, कधी कॅनव्हाससारखी खरखर दाबायची, म्हणजे लांबून हाताने काढलेलं तैलचित्र वाटावं. म्हणून या छापांना ओलिओग्राफ म्हणत.

यात एक बारकावा आहे. कागदावर सुलट उतरायचं तर दगडावर चित्र उलटं काढावं लागतं, आरशात दिसतं तसं. सहीसुद्धा उलटी. म्हणजे तसबिरीच्या कोपऱ्यातली सही रविवर्मांनी त्या कागदावर केलेली नाही. मूळ चित्रावरची त्यांची सही बघून छापखान्यातल्या कारागिराने ती दगडावर उतरवली आणि दगडाने ती हजारो कागदांवर उठवली. हजारो घरांत त्यांची सही गेली, पण त्यातल्या एकाही कागदाला त्यांचा हात लागलेला असेलच असं नाही.

लोकांना त्याची फिकीर नव्हती. लक्ष्मी, सरस्वती, गंगावतरण, दमयंती आणि हंस, झोक्यावरची मोहिनी अशी चित्रं बाजारात आली. घोड्यावर बसलेल्या शिवाजी महाराजांचं चित्रही आलं. काही घरांतल्या बायका छापील देवीच्या लुगड्यावर जर आणि चमकी चिकटवून ती सजवायच्या. अशा सजवलेल्या तसबिरी अजून सापडतात.

प्लेग, कर्ज आणि मळवली

चित्रं खपत होती पण पैसा पुरत नव्हता. परदेशी कारागिरांचे पगार, बाहेरून येणारा कागद, शाई, दगड, यंत्रांची देखभाल. भावांपैकी कुणी धंदेवाईक नव्हता. रविवर्मा कामासाठी संस्थानांत फिरत असायचे आणि इकडचा भार धाकट्यावर पडायचा. त्यात १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. माणसं शहर सोडून पळाली, मजूर मिळेना, दुकानं बंद पडली. भागीदारीही फिसकटली. मखनजी बाहेर पडले आणि त्यांचे पैसे भागवायचा बोजा रविवर्मांवर आला.

त्यांनी छापखाना मुंबईबाहेर काढला. एकोणिसावं शतक संपता संपता तो कार्ल्याजवळ मळवलीला आला. हवा चांगली, गर्दी नाही आणि रेल्वे दारात. दगड, कागद गाडीने यायचे आणि छापलेला माल गाडीनेच जायचा.

जागा बदलली तरी कर्ज बदललं नाही. ज्याने कधी शेतीवर किंवा धंद्यावर कर्ज काढलंय त्याला ही गोष्ट फोडून सांगायला नको. माल चांगला असतो, गिऱ्हाईक असतं, लोक वाहवा करतात आणि तरी वर्षाच्या शेवटी हिशेब उलटा येतो. मग एक दिवस ठरवावं लागतं की काय विकायचं.

नव्या शतकाच्या सुरुवातीलाच रविवर्मांनी छापखाना विकला. घेणारा होता फ्रिट्झ श्लायखर, त्याच छापखान्यात काम केलेला जर्मन कारागीर. यंत्रं आणि दगड तर गेलेच. त्याबरोबर आपली चित्रं छापायचा हक्कही रविवर्मांनी त्याला दिला. यापुढे त्यांची लक्ष्मी किती छापायची, कुठल्या आकारात छापायची हे ठरवणारा मालक दुसरा होता. छापखान्याचं नाव मात्र तेच राहिलं. नाव रविवर्मांचं आणि गल्ला श्लायखरचा.

श्लायखर धंद्यात हुशार निघाला. त्याने लहान आकाराचे, स्वस्त छाप काढले, पोस्टकार्डं काढली, कंपन्यांच्या जाहिरातींसाठी चित्रं दिली. एम. व्ही. धुरंधर यांच्यासारख्या इतर चित्रकारांचीही चित्रं छापली. मळवलीचा कारखाना चालू लागला. जे मूळ मालकाला जमलं नाही ते त्याला जमलं. रविवर्मांकडे कला होती, पण उधारी वसूल करायची आणि खर्च दाबायची कला वेगळी.

शेवटची वर्षं

छापखाना गेला तरी कुंचला थांबला नाही. भावाला घेऊन ते पुन्हा फिरतीवर लागले. १९०१ मध्ये उदयपूरला गेले, तिथे महाराणा प्रतापांचं चित्र केलं. १९०४ मध्ये इंग्रज सरकारने कैसर-ए-हिंद हे सोन्याचं पदक दिलं. म्हैसूरच्या महाराजांकडून पौराणिक चित्रांचं मोठं काम आलं.

घरात मानाची गोष्टही घडली होती. त्रावणकोरच्या राजघराण्यात वारस नव्हता, तेव्हा १९०० मध्ये रविवर्मांच्या दोन नाती तिथे दत्तक गेल्या. त्यातल्या एका नातीचा मुलगा पुढे त्रावणकोरचा शेवटचा महाराज झाला. ज्या दरबारातून कधीकाळी पाय काढावा लागला होता, त्याच दरबाराच्या गादीवर शेवटी रविवर्मांचं रक्त बसलं.

पण १९०५ सुरू होताच धाकटे राजराजवर्मा आजारपणात गेले. पंचवीस वर्षं सावलीसारखा बरोबर असलेला भाऊ गेला आणि रविवर्मा खचले. म्हैसूरचं काम त्यांनी भावाशिवाय पुरं केलं. मधुमेहाने शरीर पोखरलं होतं. ते किळीमानूरला परतले आणि २ ऑक्टोबर १९०६ ला तिथेच वारले. वय अठ्ठावन्न.

त्यांचे चिरंजीव राम वर्मा हेही चित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले. त्यांनी १९१५ मध्ये मावेलिक्कराला वडिलांच्या नावाने चित्रकलेची शाळा काढली.

मळवलीत पुढे काय झालं

मळवलीच्या या छापखान्यात एका तरुण मराठी माणसानेही काम केलं. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके. दगडावरची छपाई, फोटोवरून ठसे करणं यात त्यांचा हात बसला. नंतर त्यांनी स्वतःचा छापखाना काढला, तोही भागीदारीच्या भांडणात सोडला आणि मग सिनेमाच्या नादी लागले. १९१३ मध्ये त्यांचा राजा हरिश्चंद्र पडद्यावर आला. रविवर्मांच्या चित्रात स्थिर उभे असलेले पुराणातले राजे, ऋषी आणि राण्या फाळक्यांच्या पडद्यावर चालू लागले. हिंदी सिनेमाचं एक मूळ असं मळवलीपर्यंत येतं.

छापखाना पुढेही बरीच वर्षं टिकला. १९७२ मध्ये तिथे आग लागली आणि दगड, मूळ नमुने, छाप असं बरंचसं जळून गेलं. ज्या जागेने देशभरच्या देवघरांना देव पुरवले, तिथे तेवढं मोठं काम झाल्याची खूण आज शोधावी लागते. रोज लोकलने जाणाऱ्या कितीजणांना हे माहीत असेल?

टीका झाली, ती का

रविवर्मांचं सगळ्यांनी कौतुकच केलं असं नाही. ते गेल्यानंतर बंगालमध्ये नवी चित्रकला उभी राहिली. तिथल्या मंडळींचं म्हणणं होतं की या चित्रांत विषय हिंदू असला तरी हात युरोपचा आहे. देवी नाटकातल्या नटीसारख्या दिसतात. अजिंठ्याच्या भिंती सोडून साहेबाची नक्कल का करायची? भगिनी निवेदिता आणि आनंद कुमारस्वामी यांनी कडक टीका केली. कॅलेंडरवरचं चित्र म्हणून शिकलेल्या लोकांनी पुढे बरीच वर्षं नाकं मुरडली.

टीकेत तथ्य आहे. तेलरंग बाहेरचे, माणूस खरा वाटेल असा काढायची रीत बाहेरची. पण दुसरी बाजूही बघायला पाहिजे. त्या काळात गावातल्या कितीतरी माणसांना देवळाची पायरी चढायला मनाई होती. काळाराम मंदिरात जाण्यासाठी नाशिकला सत्याग्रह सुरू झाला तो १९३० साली, रविवर्मांचे देव छापून निघाल्यानंतर पस्तीसेक वर्षांनी. ज्याला गाभाऱ्यात डोकावता येत नव्हतं, त्याच्या भिंतीवर छापील देव येऊ शकला. तिथे त्याला कुणी अडवणार नव्हतं. पुजारी नको, सोवळं नको. रविवर्मांनी हे ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. पण त्यांनी सुरू केलेल्या धंद्यातून हे झालं, आणि त्यात त्यांचे स्वतःचे पैसे बुडाले.

पुढे रणजित देसाईंनी त्यांच्या आयुष्यावर मराठीत कादंबरी लिहिली. भारत सरकारने त्यांची चित्रं राष्ट्रीय कलाठेवा ठरवली, म्हणजे मूळ चित्र आता देशाबाहेर नेता येत नाही. मूळ चित्रं बडोदा, म्हैसूर, तिरुवनंतपुरम अशा ठिकाणी आहेत आणि एखादं लिलावात आलं तर बोली कोटींत जाते.

घरातल्या तसबिरीचं काय करायचं

आपल्याकडे रिवाज आहे. देवाची तसबीर जुनी झाली, काच फुटली की ती वडा-पिंपळाखाली ठेवायची नाहीतर नदीत सोडायची. घर पाडताना जुन्या सामानाबरोबर भंगारवाल्याला द्यायची. अशा किती तसबिरी पाण्यात गेल्या त्याला हिशेब नाही.

तेव्हा पुढच्या वेळी आधी काच पुसून कोपरा बघावा. रविवर्मांची सही आहे का, खाली छापखान्याचं नाव आहे का, पत्ता मुंबईचा आहे की कार्ला-लोणावळ्याचा. सुरुवातीच्या छापांवर मुंबई, नंतरच्यांवर कार्ला-लोणावळा. सही दिसली म्हणून हातचं चित्र सापडलं असं समजून हुरळून जाऊ नये. ती दगडावरची सही आहे, आणि नंतरच्या काळात या चित्रांच्या नकलाही खूप निघाल्या. कुणी दारावर येऊन शे-दोनशेत मागितली तरी लगेच देऊ नये, आणि कुणी लाखाची आहे म्हणून भुलवलं तरी विश्वास ठेवू नये. चौकटीतून घाईने ओढून काढू नये, जुना कागद पापडासारखा तुटतो. ओल नसलेल्या भिंतीवर, उन्हापासून लांब ठेवावी, एवढं केलं तरी पुष्कळ.

किळीमानूरचा एक पोरगा भिंतीवर कोळशाने चित्रं काढत होता. पुढे त्याने राजवाडे रंगवले, छापखाना काढला, कर्जात बुडाला आणि आपलं नाव लावायचा हक्कही विकून बसला. विकत घेणारा गेला, यंत्रं गेली, दगड आगीत गेले. उरली ती धुराने काळवंडलेल्या काचेमागची बारीक सही, तीही एका अनाम कारागिराने उलटी काढलेली. येत्या लक्ष्मीपूजनाला हार घालताना त्या कोपऱ्यावरची धूळही पुसावी.